थोरल्यांनीं धाकट्यांस दाखविलेली माती

आपल्या शेतांतील माती कशी आहे, असें कोणाहि जाणत्या शेतकऱ्यास विचारिलें, तर ती भारी काळी, मध्यम कीं हलकी, निचऱ्याची कीं चोपण, हें तो क्षणाचाहि विलंब न लावतां सांगेल. कोणत्या तुकड्यांत वाफसा आधीं येतो व कोणत्यांत आठ दिवस उशिरां, हेंहि तो सांगेल. तोच प्रश्न त्याच्या कॉलेजांत जाणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलास विचारून पाहावा. पुष्कळ मुलें "बाबांना विचारून सांगतों" असें उत्तर देतील. हा दोष मुलांचा नाहीं. आपणच त्यांस सकाळीं शिकवणीस, दुपारीं कॉलेजांत व संध्याकाळीं पुनः शिकवणीस पाठवीत असतों. आणि चुकून एखादा शेताकडे निघालाच, तर "तूं अभ्यास कर, इकडचें आम्ही पाहतों" असें म्हणून त्यास अर्ध्या वाटेवरून परत फिरवितों. जमिनीची पारख बापाकडून मुलाकडे बांधावरच्या वाटेनें आपोआप जात असे. ती वाटच आतां मोडत चालली आहे, आणि ती मोडण्यांत आपलाच हात आहे, हें आम्हीं प्रथम कबूल केलें पाहिजे. कारण आमच्या स्वतःच्या घरींहि याहून निराळें घडलें नाहीं.

या गोष्टीचा विचार करीत असतां आम्हांस एका दूरदेशच्या उपक्रमाची आठवण झाली, आणि त्याची माहिती वाचकांपुढें ठेवावी असें वाटलें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगॉन नांवाचें राज्य आहे. कॅस्केड पर्वताच्या पश्चिमेस पाऊस भरपूर असून तेथें डग्लस फर, सीडर व हेमलॉक या झाडांचीं दाट अरण्यें आहेत. पूर्वेचा प्रदेश कोरडा असून तेथें गहूं पिकतो व गुरें चरतात. विलामेट नदीच्या खोऱ्यांत फळें, हेझलनट व गवताचें बीं यांची मोठी शेती चालते. या राज्यांत पांचव्या किंवा सहाव्या इयत्तेंतील मुलांस, सुटींत नव्हे तर शाळेच्या दिवसांतच, रानांतील छावणीवर नेऊन ठेवितात, आणि माती, पाणी, वनस्पति व प्राणी हे चार विषय तेथल्या तेथें दाखवून शिकवितात. या व्यवस्थेस ते 'आउटडोअर स्कूल' म्हणतात. आम्ही तिला रानशाळा म्हणूं. मुलांची सहल रानांत नेणें यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. नवल निराळेंच आहे. लहान मुलांच्या टोळीबरोबर हिंडणारा, त्यांस शिकविणारा व रात्रीं त्यांच्याच खोलींत निजणारा जो वडीलधारा तेथें असतो, तो बहुधा पंधरा ते अठरा वर्षांचा माध्यमिक शाळेंतील विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी असते. हीं थोरलीं मुलें एक पैहि न घेतां, आपली स्वतःची शाळा आठवडाभर सोडून आलेलीं असतात.

मुलें आणि रान यांची सांगड घालण्याची कल्पना त्या लोकांस अगदींच नवी नव्हती. १९३३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत राज्याच्या वायव्येस टिलामुकच्या अरण्यांत लाकूडतोड चालली असतां, ओढीत नेलेल्या ओंडक्याच्या घर्षणानें आग लागली, व थोड्या दिवसांत सुमारें २,४०,००० एकर रान भस्म झालें. पुढें १९३९, १९४५ आणि १९५१ सालीं, म्हणजे बरोबर सहा-सहा वर्षांच्या अंतरानें, त्याच टापूंत पुनः आगी लागल्या. चारी आगींत मिळून साडेतीन लक्ष एकरांहून अधिक भाग जळाला. उघड्या पडलेल्या डोंगरावरची माती पावसाबरोबर नद्यांत उतरूं लागली. १९४८ सालीं मतदारांनीं कर्ज काढून तें रान पुनः उभें करण्यास संमति दिली, आणि १९४९ पासून १९७३ पर्यंत तेथें सुमारें ७ कोटि २० लक्ष रोपें लावण्यांत आलीं. त्यांपैकीं दहा लक्षांच्या आसपास रोपें शाळेंतील मुलांच्या हातचीं होतीं. पोर्टलंड शहरांतून बसगाड्या भरून मुलें त्या काळ्या ठिक्कर उतारांवर जात व कुदळीनें खांच पाडून रोप लावीत. आज तेथें पुनः अरण्य उभें आहे, आणि ज्यांनीं तीं रोपें लावलीं त्यांचीं नातवंडें त्यांत हिंडतात. आपल्याकडेहि मुलांच्या हातून वृक्षारोपण होतें. फरक इतकाच कीं, आपल्याकडे पुष्कळदां खड्डा तोच राहतो आणि रोप तेवढें दरसाल नवें येतें.

परंतु रोप लावणें आणि रान समजणें या दोन गोष्टी एक नव्हत. रानशाळेचा पहिला प्रयोग १९५७ सालीं झाला, आणि १९६६ पासून पोर्टलंड ज्या मल्टनोमा परगण्यांत आहे तेथें ती नियमितपणें भरूं लागली. पुढें ती इतकी रुळली कीं, लहानपणीं जो मुलगा तेथें विद्यार्थी म्हणून गेला, तोच चार-पांच वर्षांनीं शिकविणारा म्हणून जावा, आणि आणखी कांहीं वर्षांनीं त्याचीं मुलें तेथें जावीं, असें अनेक घरांत घडलें आहे.

तेथें मातीचा पाठ कसा चालतो, हें आमच्या वाचकांस विशेष वाटेल, म्हणून तें थोडें विस्तारानें सांगतों. सकाळीं मुलांच्या लहान लहान टोळ्या पाडतात. एक टोळी एका थोरल्या मुलाच्या स्वाधीन होते. रानांत एक खड्डा खणलेला असतो. त्याची उभी भिंत तासून साफ केलेली असते. वर कुजक्या पानांचा थर, त्याखालीं काळपट माती, तिच्याखालीं तांबूस, आणि तळाशीं फुटका खडक, असे थर भिंतींत स्पष्ट दिसतात. थोरला मुलगा थरांचीं नांवें आधीं सांगत नाहीं. "रंग कोठें बदलतो तें बोटानें दाखवा," एवढेंच म्हणतो. मुलें दाखवितात, भांडतात, पुनः दाखवितात. मग प्रत्येक थराची चिमूट पाण्यानें ओली करून बोटांत चोळावयाची: खरखरीत लागली तर वाळू, पिठासारखी मऊ लागली तर पोयटा, चिकटून तिची वळी झाली तर चिकणमाती. मातीचें उष्णमान मोजतात. रंग बदलणाऱ्या द्रव्यानें ती आम्ल कीं अल्क तें पाहतात. ही माती येथें कशी आली, खडक, हवा, उतार, जीवजंतु आणि काळ यांपैकीं कोणाचें यांत किती काम आहे, याची चर्चा त्यानंतर होते. कांहीं छावण्यांत निरनिराळ्या थरांची माती पाण्यांत कालवून तिचाच रंग करून मुलांकडून चित्रें काढवितात. मातीला इतके रंग असतात, हें आम्हांस पन्नाशीनंतर कळलें. तेथें बाराव्या वर्षीं कळतें.

पाण्याचा पाठ ओढ्याच्या कांठीं होतो. मुलें पाण्यांतील दगड उलटून त्यांच्या खालचे किडे पांढऱ्या थाळींत घेतात. स्टोनफ्लाय व मेफ्लाय या माश्यांचीं पिलें सांपडलीं, तर पाणी थंड, स्वच्छ व प्राणवायूनें भरलेलें आहे असें समजतात. नुसत्या तांबड्या अळ्याच सांपडल्या, तर वरच्या बाजूस कांहीं तरी बिघडलें असलें पाहिजे. प्रयोगशाळेचा दाखला येण्यापूर्वीं ओढाच आपला दाखला देतो. झाडें ओळखणें, खोडाचा घेर मोजणें, जनावरांच्या पाउलखुणा व लेंड्यांवरून तें काय खातें तें ताडणें, कवटीच्या दांतांवरून तें शिकारी कीं चरणारें हें सांगणें, हे उरलेल्या दोन विषयांचे पाठ. ते आपल्या गुराख्यांच्या मुलांस शिकवावे लागत नसत.

जेवणानंतर ताटांत टाकलेलें अन्न वजन करण्याची रीतहि पुष्कळ छावण्यांत आहे. पहिल्या दिवशीं वजन बरेंच भरतें, आणि आठवड्याच्या शेवटीं तें शून्यावर आणावयाचें अशी मुलांतच ईर्षा लागते. आणखी एक गंमतीची चाल अशी कीं, शिकविणारीं थोरलीं मुलें छावणींत आपलें खरें नांव सांगत नाहींत. झाड, पक्षी, दगड असें कांहीं तरी नांव धारण करितात, आणि खरें नांव कोणतें याचा तर्क धाकटीं मुलें आठवडाभर करीत राहतात.

आतां या थोरल्या मुलांकडे वळूं, कारण आमच्या मतें या सर्व व्यवस्थेचा कणा तींच आहेत. कोणीहि उठावें आणि शिकवावयास जावें, असें तेथें नाहीं. त्यांस अर्ज करावा लागतो, शाळेची संमति आणावी लागते, छावणीवर जाण्यापूर्वीं शिकवणुकीचे वर्ग करावे लागतात, आणि बुडालेला अभ्यास परत आल्यावर भरून काढावा लागतो. त्यांच्यावर पगारी व अनुभवी शिक्षक देखरेख ठेवितात. पाठाचा आराखडा त्यांचाच असतो. पण टोळीपुढें उभें राहून "हें असें कां?" असें विचारणें आणि उत्तर येईपर्यंत थांबणें, हें काम थोरल्या मुलाचें. हें थांबणें किती कठीण असतें, हें ज्यानें कोणास कांहीं शिकविलें आहे त्यास ठाऊक आहे. रात्रीं एखाद्या अकरा वर्षांच्या पोरास घरची आठवण येऊन रडूं कोसळलें, तर त्याच्या उशाशीं जाऊन बसावयाचें तेंहि त्यानेंच. सोळाव्या वर्षीं दुसऱ्याचें मूल आपल्या हवालीं केलें जातें, या एका गोष्टीनें मुलांत जो फरक पडतो, तो दहा व्याख्यानांनीं पडणार नाहीं.

आणि बारा वर्षांच्या मुलाच्या बाजूनें पाहिलें तर? त्यास मास्तरांचें भय वाटतें, आईबापांचें सांगणें ऐकून ऐकून सवयीचें झालेलें असतें. परंतु आपल्याहून चार वर्षांनीं मोठ्या मुलाचें त्यास भारी कौतुक असतें. तो जसा चालतो तसें चालावें, तो जें पाहतो तें पाहावें, असें त्यास वाटतें. असा मुलगा खड्ड्यांत उतरून माती हुंगूं लागला, म्हणजे माती हुंगणें हें गांवढळपणाचें लक्षण राहत नाहीं.

ही व्यवस्था सुखासुखी टिकली आहे असें मात्र कोणी समजूं नये. परगण्यांच्या शाळांचा पैसा आटला कीं पहिली कात्री रानशाळेवर चाले; आठवड्याचे तीन दिवस झाले, कांहीं शाळांनीं तर मुलें पाठविणेंच बंद केलें. सधन गांवांचीं मुलें जात व गरीब गांवांचीं राहत. शेवटीं १९१५ नव्हे, अगदीं अलीकडे २०१५ सालीं राज्याच्या विधिमंडळानें रानशाळेसाठीं निराळा निधि स्थापिला, आणि २०१६ च्या नोव्हेंबरांत प्रश्न थेट मतदारांपुढें आला. राज्याच्या लॉटरीच्या निव्वळ उत्पन्नांतून चार टक्केपर्यंत, परंतु वर्षास २ कोटि २० लक्ष डॉलरांहून अधिक नव्हे, इतकी रक्कम या कामास द्यावी असा तो ठराव होता. सुमारें दोन-तृतीयांश मतदारांनीं त्यास अनुकूल मत दिलें. पहिल्या दोन वर्षांकरितां, म्हणजे २०१७ ते २०१९ साठीं, विधिमंडळानें २ कोटि ४० लक्ष डॉलर मंजूर केले. २०२० च्या मार्चांत साथीमुळें शाळाच बंद पडल्या तेव्हां छावण्याहि ओस पडल्या, परंतु पुढें त्या पुनः भरूं लागल्या. शिकविणारीं थोरलीं मुलें फुकट काम करतात म्हणून हें काम स्वस्तांत होतें, असा जो समज होण्याजोगा आहे, तो या आंकड्यांवरून दूर व्हावा. छावणी, जेवण, गाड्या, देखरेख यांस पैसा लागतोच. मुलें तेथें पैसा वांचविण्यासाठीं नेमलेलीं नसून, तीं स्वतः शिकावीं म्हणून नेमलेलीं असतात.

या निधीची व्यवस्था कोणाकडे दिली, हेंहि आमच्या वाचकांनीं लक्षांत घेण्याजोगें आहे. ती शिक्षणखात्याकडे न देतां राज्य विद्यापीठाच्या विस्तार-सेवेकडे दिली. म्हणजे जी संस्था शेतकऱ्यांस बीं, खत, कीड यांविषयीं सल्ला देते, तिच्याकडे. याचें मूळ जुनें आहे. १९०२ सालच्या जानेवारींत ओहायो राज्यांतील स्प्रिंगफील्ड गांवीं ए. बी. ग्रॅहम नांवाच्या शाळा-अधिकाऱ्यानें सुमारें तीस मुलांमुलींस कचेरीच्या तळघरांत जमविलें आणि त्यांचें एक मंडळ काढलें. हीं मुलें आपल्या घरच्या शेतांतील माती लिटमस कागदानें तपासूं लागलीं व मक्याचें निवडक बीं पेरून पाहूं लागलीं. विद्यापीठाचा माणूस बांधावर आला तर बाप त्यास चार हात दूर ठेवी. परंतु आपल्याच पोराच्या तुकड्यांतलें कणीस मोठें आलेलें पाहिलें कीं तो मुकाट्यानें तेंच बीं मागे. अशा मंडळांपासूनच पुढें फोर-एच ही चळवळ वाढली, आणि १९१४ सालीं कायद्यानें शेतकी-विस्ताराची देशव्यापी व्यवस्था झाली. सबब, मुलांच्या हातून शेतकऱ्याच्या घरांत ज्ञान शिरतें, हें तेथील विस्तारवाल्यांस शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

आणि थोरल्यानें धाकट्यास शिकवावें, ही रीत तर आपल्याच देशांतून तिकडे गेली आहे. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर बोटानें अक्षरें गिरविणाऱ्या लहान मुलांस बहुधा वरचीं मुलेंच सांभाळीत. १७८९ च्या सुमारास मद्रासेंत अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्रयू बेल नांवाचा पाद्री होता. मलबारी मुलें वाळूंत अक्षरें काढतांना त्यानें पाहिलीं आणि आपल्या शाळेंत तसेंच करावें असें ठरविलें. त्याच्या मास्तरांनीं तें मनावर घेतलें नाहीं, तेव्हां त्यानें आठ वर्षांच्या एका मुलासच धाकट्या वर्गावर नेमिलें. तो प्रयोग साधला, आणि १७९७ सालीं बेलनें त्याचें वर्णन लंडनांत छापिलें. पुढें इंग्लंडांत 'मद्रास पद्धति' या नांवानें अशा शाळा गांवोगांव निघाल्या. त्या कालांतरानें लयासहि गेल्या, आणि त्याचें कारण आम्हीं लपवितां कामा नये: एकेका खोलींत शेंकडों मुलें कोंबून, थोरल्यांकडून धाकट्यांस घोकंपट्टी करविण्याचें तें एक स्वस्त यंत्र बनलें होतें. थोरल्यास जें स्वतःस समजलें नव्हतें तेंच तो पुढें ढकली. रानशाळेंत हा धोका कमी आहे, कारण तेथें थोरल्यामागें देखरेख करणारा जाणता माणूस असतो, टोळी लहान असते, आणि शिकवावयाची वस्तु पुस्तकांत नसून डोळ्यांसमोर असते. मातीची वळी होते कीं मोडते, याविषयीं खोटें बोलून भागत नाहीं.

आपल्याकडे पर्यावरणाचें शिक्षण नाहीं असें नव्हे. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें शाळा-कॉलेजांत दिलें जावें अशी आज्ञा केली, आणि त्याप्रमाणें पुस्तकें निघालीं, गुण ठरले, प्रकल्पाच्या वह्या आल्या. त्या वह्या आम्हीं पाहिल्या आहेत. गांवच्या झेरॉक्सच्या दुकानांत 'जलप्रदूषण' या विषयावरची वही तयार मिळते. आणि ती घेण्यास मुलगा ज्या पुलावरून जातो, त्याच्या खालचा ओढा काळा झालेला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत सहावी ते आठवीच्या दरम्यान केव्हां तरी मुलांसाठीं दहा दिवस दप्तराविना असावेत असें सुचविलें आहे. ते दहा दिवस कशानें भरावयाचे, हा प्रश्न शाळांपुढें आहे. आणि शेतें आपल्यापाशीं आहेत.

असो. दुसऱ्यांच्या गोष्टी सांगून थांबण्यापेक्षां स्वतः कांहीं करून पाहावें, म्हणून गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं आमच्याच तुरीच्या शेतांत, बांधापासून चार तासें सोडून, तीन फूट खोल खड्डा खणविला. अकरावींत शिकणाऱ्या दोन मुली व दोन मुलगे यांस आदले दोन रविवार बरोबर घेऊन मातीची ओळख करून दिली. एका निवृत्त कृषि-सहायकांनीं त्यांत साहाय्य केलें. मग गांवच्या प्राथमिक शाळेंतील पांचवीचीं बावीस मुलें, त्यांच्या गुरुजींच्या संमतीनें, या चौघांच्या हवालीं केलीं. आम्ही बांधावर बसून राहिलों आणि तोंड उघडावयाचें नाहीं असा निश्चय केला. तो पाळणें हें त्या दिवसाचें सर्वांत अवघड काम होतें.

मुली मुलांपेक्षां चांगल्या शिकवितात, असें आमचें मत त्या दिवशीं झालें. अर्थात चौघांवरून सर्वांविषयीं बोलणें रास्त नव्हे. एकीनें प्रत्येक मुलाच्या हातांत एकेक लांब खिळा दिला आणि भिंतींत वरपासून खालपर्यंत वीतभर अंतरावर टोंचीत जा, असें सांगितलें. वर खिळा सहज जाई. आठ-नऊ इंचांवर तो अडे. एका पोरानें दगडानें ठोकला तेव्हां वांकडा झाला. आणखी चार बोटें खालीं गेल्यावर पुनः सहज जाऊं लागला. मग तिनें तुरीचें एक मूळ मातींतून मोकळें करून दाखविलें. तुरीचें सोटमूळ सरळ खालीं गेलें पाहिजे. तें त्या कठीण थरापर्यंत सरळ येऊन तेथें काटकोनांत वळलें होतें आणि आडवें पसरलें होतें. मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, येथें खालीं कांहीं पुरलें आहे का?"

पुरलेलें कांहीं नव्हतें. गेलीं चौदा वर्षें आम्ही त्या शेतांत ट्रॅक्टर व रोटाव्हेटर एकाच खोलीवर फिरवीत आलों, कित्येकदां ओल पुरती हटण्यापूर्वींच, आणि तव्यासारखा थर आम्हीं स्वतःच तयार केला होता. पाऊस जास्त झाला कीं या तुकड्यांत पाणी तुंबे, उघडीप झाली कीं पीक इतरांच्या आधीं मान टाकी. आणि आम्ही "जमीन थकली" असें म्हणून खताचें पोतें वाढवीत होतों. जमीन थकली नव्हती, तिचा गळा आंवळला होता. चाळीस वर्षें शेती करणाऱ्या आम्हांस जें दिसलें नाहीं, तें पांचवींतल्या पोराच्या वांकड्या खिळ्यानें दाखविलें, ही गोष्ट येथें छापतांना आम्हांस संकोच वाटतो. परंतु ती न छापणें अधिक वाईट.

त्याच दिवशीं एक चूकहि घडली. खड्ड्याच्या तळाशीं पांढरे खडे निघाले. एका लहान मुलानें तो युरिया असेल असें म्हटलें, आणि शिकविणाऱ्या मुलानें घाईनें "होय, खालीं झिरपलेला," असें ठोकून दिलें. आम्ही बांधावर चुळबुळलों, पण कृषि-सहायकांनीं हातानें गप्प राहण्याची खूण केली. संध्याकाळीं त्यांनीं त्या मुलास इतकेंच विचारलें, "युरिया पाण्यांत विरघळतो, हे खडे विरघळले का?" दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तो मुलगा आपण होऊन प्राथमिक शाळेंत गेला. बरोबर खडे व दोन लिंबें नेलीं. खड्यांवर लिंबू पिळल्याबरोबर फेंस येऊं लागला, तेव्हां ही चुनखडी आहे, काल मी चुकीचें सांगितलें, असें त्यानें बावीस मुलांपुढें सांगितलें. घरीं जाऊन त्या मुलांनीं गांवांतल्या लिंबांचा काय फन्ना उडविला, तें निराळें सांगावयास नको. पण कोणाच्या शेतांत चुनखडी कोठें आहे, हें आतां गांवांत पुष्कळांस ठाऊक झालें आहे.

चौघांपैकीं एकाच्या वडिलांनीं पुढच्या वेळीं मुलास पाठविण्यास नकार दिला आहे. बारावीचें वर्ष आहे, एक दिवस गेला तरी परवडत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तें खोटें नाहीं, आणि आम्हीं वाद घातला नाहीं. ज्यांस अशी टोळी आपल्या गांवीं करून पाहावयाची असेल, त्यांनीं अकरावीचींच मुलें घ्यावीं, एकामागें सहांहून अधिक धाकटीं मुलें देऊं नयेत, खड्डा कमरेहून खोल करूं नये, आणि तो पायऱ्यांचा करावा, म्हणजे भिंत ढासळण्याचें भय राहणार नाहीं. विहिरीजवळ व कालव्याजवळ टोळी नेऊं नये. फवारणीनंतर आठ-पंधरा दिवस त्या शेतांत मुलांस फिरकूं देऊं नये. सामान म्हणाल तर खुरपें, खिळे, पाण्याची बाटली, लिंबें आणि कांचेची एक रुंद तोंडाची बरणी पुरे. बरणींत मूठभर माती व पाणी घालून हलवून ठेविली, म्हणजे वाळू मिनिटांत, पोयटा कांहीं तासांत आणि चिकण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तळाशीं बसते. थरांची जाडी पट्टीनें मोजतां येते.

आमच्या शेतांत सबसॉयलर चैत्रांत, जमीन पुरती वाळल्यावर, घालण्याचें ठरविलें आहे. शेजारच्या बागाईतदारांच्या उसांत कडेला पांढरे पट्टे दिसूं लागले आहेत, आणि आमच्या येथील हकीगत कानीं गेल्यावर त्यांनीं मुलांस आपल्या शेतांत खड्डा खणण्यास अनुमति दिली आहे. ऊस तुटल्यानंतर खणावा आणि खोडव्यास पहिलें पाणी देण्यापूर्वीं बुजवून द्यावा, अशी त्यांची अट आहे. मुलींनीं ती मान्य केली असून, खालचें पाणी किती इंचांवर लागतें तें मोजण्यासाठीं एक काठी इंच-इंचावर खुणा करून तयार ठेविली आहे.